केसभर फट

पिस्तूल उघडून टॉवेलवर मांडलं होतं आणि सुदर्शन इंगवले त्यातल्या एकेका भागाची ओळख करून देत होता. मुलगी बघायच्या कार्यक्रमात मुलीचा मामा बोलतो, तसा. ही नवी मूठ, अक्रोडाच्या लाकडाची, हेमांगीच्या पंजाच्या मापाने कोरून घेतलेली. हे नळीच्या तोंडाला लावायचं वजन. गोळी सुटली की पिस्तूल वर उसळतं, ते आता उसळणार नाही. आणि ही स्प्रिंग. मूळचीपेक्षा हलकी, परदेशातून आलेली, मुंबईच्या एका नेमबाजाकडून मिळवलेली. स्प्रिंग त्याने दोन बोटांत धरून उजेडाकडे केली आणि आम्हीही उगाच उजेडाकडे बघितलं.

सुभेदार पाटणकरांनी सगळं ऐकून घेतलं. फौजेतून निवृत्त होऊन ते कोल्हापुरातल्या आमच्या रायफल क्लबची रेंज सांभाळायचे. बोलणं कमी, आणि जे बोलायचे ते हजेरी घेतल्यासारखं.

"आधी काय बिघडलं होतं?"

"बिघडलं काय नव्हतं, सर."

"मग?"

"सुधारणा."

सुभेदारांनी चष्मा काढून पुसला. सुधारणा या शब्दाची त्यांना फौजेत बरीच ओळख झाली असावी.

सुदर्शनचं उद्यमनगरात मोटरसायकली 'सुधारायचं' वर्कशॉप होतं. कंपनीतून जशी आली तशी कुठलीही वस्तू त्याला अपुरी वाटायची. लोकांच्या बुलेट त्याच्याकडे जायच्या आणि दुप्पट आवाज घेऊन परत यायच्या. घरातल्या मिक्सरला त्याने एकदा मोठी मोटर बसवली होती; त्यानंतर त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला लसणाच्या चटणीचे ठिपके कायमचे राहिले. बायकोवर त्याचा जीव होता हे मी त्याच्या जमेच्या बाजूला आजही लिहीन. फक्त त्याचा जीव ज्याच्यावर असेल, त्याला तो काहीतरी बसवायचा.

हेमांगी आमच्या महिला संघातली सगळ्यात चांगली नेमबाज. पंचवीस मीटर पिस्तूल हा तिचा प्रकार. मीही त्याच प्रकारात होते, पण माझं नेमबाजीतलं स्थान लग्नाच्या पंगतीतल्या लोणच्यासारखं. असलं तर बरं, नसलं तर कुणी उठून विचारत नाही. मी दूध संघात हिशेब विभागात होते, नोकरी कायमची, वय चाळिशीच्या पुढचं. संध्याकाळी रेंजवर यायचं ते डोकं रिकामं करायला. हेमांगी मात्र डोक्यात एकच गोष्ट भरून यायची.

दोन महिन्यांवर राज्य स्पर्धा होती. पहिल्या तिघींत आली तर तिला प्रमाणपत्र मिळणार होतं आणि त्यावर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला अर्ज करता येणार होता. आधीच्या वर्षी ती चौथी आली होती. पुढच्या वर्षी तिचं वय अटीबाहेर जाणार होतं. म्हणजे ही एकच स्पर्धा उरली होती, आणि हे क्लबातल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं.

नोकरी कशाला पाहिजे, असं तिला मी एकदा हात धुताना विचारलं होतं. आमच्याकडच्या सगळ्या मुलींसारखी ती 'मी येतो, मी करतो' असंच बोलायची. म्हणाली, "मला एक टेबल पाहिजे, अक्का. मी सकाळी जातो, संध्याकाळी येतो, मधल्या वेळात त्याच्यावर कुणी स्पॅनर ठेवत नाही, असलं टेबल."

नव्या भागांची पहिली फेरी अशी झाली की सुभेदारांनीही चष्मा पुसून परत बघितलं. पाचही गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. सुदर्शनने पिस्तुलाला नमस्कार केला. दुसरी फेरी तशीच. तिसऱ्या फेरीत दोन गोळ्या सुटल्या आणि पिस्तूल गप्प झालं.

पिस्तूल आपलं आपण पुढची गोळी भरून घेतं ते असं: गोळी सुटली की वरची लोखंडी स्लाइड झटक्याने मागे जाते, जाताजाता रिकामी पुंगळी खिडकीतून बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवी गोळी नळीत ढकलून घट्ट मिटते. हेमांगीच्या पिस्तुलात पुंगळी बाहेर पडलीच नव्हती. खिडकीत उभी राहिली होती, बसच्या दारात अडकलेल्या माणसासारखी, ना आत ना बाहेर.

त्या दिवशी एकदा झालं. दुसऱ्या दिवशी चारदा. तिसऱ्या दिवसापासून आम्ही मोजणं सोडलं.

घरात कुणी आजारी पडलं की भेटायला येणारा प्रत्येक जण एक औषध सांगून जातो. इथंही तेच झालं. एकाने तेल जास्त झालंय म्हटलं, दुसऱ्याने कमी. कुणी म्हणालं, गोळ्या भरायच्या मॅगझिनचे ओठ, म्हणजे तोंडाच्या कडा, वाकलेत. सुदर्शनच्या मते पहिला दोष हेमांगीच्या मनगटाचा होता; ते सैल पडतं, म्हणून झटका वाया जातो. ती आठवडाभर मनगट आवळून उभी राहिली, इतकं की रात्री पोळी लाटता येईना. मग दोष गोळ्यांचा ठरला. दुसऱ्या जातीच्या आणल्या. त्याही अडकल्या. मग दोष हवेचा ठरला. सुदर्शनने बाहेरून बसवलेल्या तीन वस्तू सोडून जगातल्या प्रत्येक गोष्टीवर आळ घेऊन झाला.

शेवटी सुभेदारांनी टॉवेल मागवला. सगळ्यात शेवटी जे बसवलं ते सगळ्यात आधी काढायचं, एका वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी गोळ्या मारून बघायच्या, हा त्यांचा रिवाज. वजन काढलं. पुंगळ्या जरा बऱ्या उडायला लागल्या. मूठ निर्दोष होती, ती ठेवली. आता ती परदेशी स्प्रिंग काढून मूळची घालायची होती.

मूळची स्प्रिंग सुदर्शनने घरून कागदाच्या पुडीत बांधून आणली. सुभेदारांनी हात पुढे केला, पण तोवर सुदर्शनने पुडी सोडून स्प्रिंग जागेवर बसवलीसुद्धा होती. अशा बाबतीत त्याचा हात फार चपळ.

दोन फेऱ्या निर्धोक गेल्या. पुंगळ्या खणखणत फरशीवर पडत होत्या आणि तो आवाज आम्हाला देवळातल्या घंटेसारखा वाटत होता. तिसऱ्या फेरीत हेमांगीने चाप ओढला आणि काही झालं नाही. या वेळी खिडकीत पुंगळी नव्हती. स्लाइड पुढे आली होती, पण पूर्ण मिटली नव्हती. मागच्या बाजूला केसभर फट राहिली होती.

सुभेदार वाकून बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिले.

"रोग बदलला," ते म्हणाले. "आधी बाहेर टाकत नव्हतं. आता दार लावून घेत नाही. जोर कमी पडायलाय." मग सुदर्शनकडे न बघता त्यांनी विचारलं, "मूळचीच स्प्रिंग ना ही?"

"मूळचीच की, सर. माझ्या हाताने काढलेली, माझ्या हाताने घातलेली."

हेमांगी मॅगझिन भरत होती. तिच्या हातातली एक गोळी निसटून टेबलाखाली गेली. ती शोधायला ती खाली वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

सुभेदारांनी निदान केलं की पिस्तूल म्हातारं झालंय, स्प्रिंग थकली. पिस्तूल क्लबचं होतं, हेमांगीला वापरायला दिलेलं. ते म्हणाले, मी कपाटात ठेवतो, दुरुस्तीला पाठवू. दुरुस्तीला पाठवलेली वस्तू आमच्या क्लबात परत यायची तेव्हा ती कुणाची होती हे लोक विसरलेले असायचे. दुसरं पिस्तूल म्हटलं तर माझं. पण मी डावखुरी, माझी मूठ उलटी. आणि स्पर्धेत आम्ही दोघी एकाच वेळी रेंजवर उभ्या राहणार होतो.

"चालवतो मी, सर," हेमांगी म्हणाली. "हेच चालवतो. नका ठेवू कपाटात."

सुभेदारांनी ठेवलं नाही. त्यांची ती एकच ढिलाई मी बघितली.

त्यावर उपाय सुदर्शननेच काढला. स्लाइड मिटायला फक्त केसभर कमी पडतेय ना? मग डाव्या अंगठ्याने मागून हलकंसं ढकलायचं. मिटते. त्याने करून दाखवलं आणि खरंच मिटली.

पिस्तूल एका हाताने मारायचं असतं. दुसरा हात उगीच लोंबकळत राहू नये म्हणून नेमबाज तो पँटच्या खिशात घालून उभे राहतात. हेमांगीचा डावा हात आता खिशातून निघायचा, अंगठा स्लाइडच्या पाठीला टेकायचा आणि हात परत खिशात. पंधरा दिवसांत ते इतकं सफाईदार झालं की खिशातून रुमाल काढायला लागतो त्याच्या निम्मा वेळही लागेना. सुदर्शन मला कौतुकाने म्हणायचा, बघितलं का अक्का, दिसतसुद्धा नाही.

सुभेदारांना दिसायचं. त्यांनी तिला सगळ्यांसमोर बजावलं. स्पर्धेत पिस्तूल अडकलं तर नियम साधा आहे: पिस्तूल जिथं आहे तिथं धरून ठेवायचं, रिकामा हात वर करायचा आणि पुतळ्यासारखं उभं राहायचं. अधिकारी येतो, बघतो, अडकल्याची खात्री करतो आणि राहिलेल्या गोळ्या मारायला परत संधी देतो. पण अडकलेल्या पिस्तुलाला खेळाडूने आपण होऊन हात लावला असेल, तर संधी नाही. राहिलेल्या गोळ्यांना शून्य.

"इथं रोज ढकललंस तर तिथंही ढकलशील," ते म्हणाले.

सुदर्शनचं म्हणणं, तिथं तिला आठवेल. इथं सरावात प्रत्येक वेळी हात वर करून उभं राहिलं तर सराव कधी करायचा? दोघांचंही बरोबर होतं. हेमांगीने दोघांनाही मान हलवून होकार दिला. त्या दिवसांत तिला मान हलवायची फार सवय लागली होती.

राज्य स्पर्धा पुण्याजवळच्या एका रेंजवर होती. सकाळचा अर्धा भाग सावकाश नेम धरून मारायचा. त्यात हेमांगी दुसरी होती. पिस्तूल एकदाही अडकलं नाही. जेवणाच्या सुट्टीत सुदर्शन लोकांना मूठ दाखवत फिरत होता आणि हेमांगी भिंतीला टेकून डबा मांडीवर घेऊन बसली होती. डबा तिने उघडला नव्हता. मी दुसऱ्या भिंतीशी जाऊन बसले. नेमबाजाला त्या वेळी धीर देणं म्हणजे भरलेलं ताट घेऊन चाललेल्याच्या पाठीवर थाप मारणं.

दुपारी जलद फेऱ्या. त्यात लक्ष्य पाठमोरं असतं. तीन सेकंद तोंड फिरवतं, तेवढ्यात हात खालून वर आणून एक गोळी मारायची. मग सात सेकंद परत पाठ. असं पाच वेळा म्हणजे एक फेरी. अशा सहा फेऱ्या.

मी हेमांगीच्या डावीकडच्या जागेवर होते. उजव्या हाताने मारणारा नेमबाज लक्ष्याकडे उजवी कूस करून उभा राहतो, म्हणजे त्याचं तोंड डावीकडे असतं. माझं सगळं उलटं. त्यामुळे अख्ख्या रांगेत सगळे एकमेकांच्या पाठी बघत उभे असताना आम्ही दोघी, मधे प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा, समोरासमोर उभ्या होतो. दोन शेजारणी दारात उभ्या असतात तशा.

तिसऱ्या फेरीत दोन गोळ्या गेल्या. तिसऱ्यांदा लक्ष्य फिरलं, माझी गोळी गेली, रांगेतल्या सगळ्यांच्या गेल्या. तिची गेली नाही. मी हात खाली आणताना बघितलं, तिचाही हात खाली येत होता आणि डावा हात खिशातून निघाला होता.

मला ओरडायचं होतं, पण रेंजवर बोलायचं नसतं. अंगठा स्लाइडच्या पाठीला टेकला. ढकललं. नेमकी त्या वेळी ती मिटली नाही. रोज मिटायची, त्या दिवशी नाही. अंगठा तिथंच राहिला, आणि मग हेमांगीच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला कळलं, कारण तिलाही त्याच क्षणी कळलं होतं. तिने हात तसाच वर नेला. जणू सुरुवातीपासून तो तिथंच चालला होता.

फेरी संपल्यावर रेंज अधिकारी बाई आल्या. ठेंगण्या, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी तक्रारीत अडकल्या होत्या. त्यांनी हात वर झालेला बघितला होता, त्याच्या आधीचं काही नाही. त्यांनी पिस्तुलाकडे वाकून बघितलं. फट होतीच.

"स्लाइड मिटलेली नाही," त्या स्वतःशी म्हणाल्या. मग, नेहमीचाच प्रश्न, जसा रेल्वेत तिकीट विचारतात, "हात लावलात का पिस्तुलाला?"

मागे काचेपलीकडे सुदर्शन उभा होता. त्याने जोरजोरात मान हलवायला सुरुवात केली होती, नाही, नाही. त्याच्या शेजारी सुभेदार आपल्या बुटांकडे बघत होते.

"लावला की," हेमांगी म्हणाली.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. बहुधा या प्रश्नाला हे उत्तर त्यांनी फारसं ऐकलं नसावं. त्या भल्या होत्या. त्यांनी सुटकेचं दार जरा किलकिलं केलं. "म्हणजे हात बाजूला घेताना चुकून लागला, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही. स्लाइड ढकलली. अंगठ्याने. मिटली नाही."

बाईंनी लिहून घेतलं. राहिलेल्या तीन गोळ्यांना शून्य.

स्पर्धा कुणासाठी थांबत नाही. पुढच्या फेरीचा हुकूम झाला आणि आम्ही सगळ्या पिस्तुलाचा हात खाली धरून तयार झालो. उरलेल्या तिन्ही फेऱ्या मी आयुष्यात मारल्या नव्हत्या इतक्या चांगल्या मारल्या. असं का झालं याचा खुलासा माझ्याकडे नाही. हेमांगीनेही उरलेल्या फेऱ्या उत्तम मारल्या, पिस्तूल परत अडकलं नाही, आणि ती सातवी आली.

तिसरी मी आले.

मला त्या प्रमाणपत्राचा काय उपयोग होता? माझ्या वयाला कुठला कोटा लागू नव्हता आणि मला आधीच एक टेबल होतं, त्यावर गेली कित्येक वर्षं माझाच डबा असायचा. नाव पुकारलं तेव्हा मी हेमांगीकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत होती. पुढे येऊन माझ्या शर्टाची मुडपलेली कॉलर तिने सरळ केली आणि म्हणाली, नीट उभी राहा अक्का, फोटो काढायलेत.

परत येताना सुभेदार पिस्तुलं घेऊन क्लबच्या गाडीने पुढे गेले. आम्ही तिघं सुदर्शनच्या जीपमध्ये. खंबाटकी घाट उतरेपर्यंत सुदर्शन बोलत होता. गोळ्यांचा तो खोकाच ओलसर होता. त्या रेंजवर धूळ फार. ती बाई नियमाची जास्तच कडक. दुसऱ्या कुणी विचारलंच नसतं. आणि कुणी बघितलं नव्हतं. हे वाक्य तो दर दहा-बारा मैलांनी परत म्हणायचा. कुणी बघितलं नव्हतं, अक्का, तुम्ही बघितलंत काय? मी म्हटलं, मी माझ्या लक्ष्याकडे बघत होते.

साताऱ्याच्या पुढे चहाला थांबलो. पुढच्या चाकातून आवाज येतोय म्हणून सुदर्शन जॅक काढून गाडीखाली शिरला. आम्ही दोघी बाकावर बसलो. मला राहवेना. मी विचारलं, नाही म्हणाली असतीस तर काय झालं असतं?

ती टेबलावरच्या पाण्याच्या डागावर बोट फिरवत होती.

"अक्का, ती स्प्रिंग मूळची नव्हती."

"म्हणजे? सुदर्शन तर म्हणाला..."

"खोटं नाही बोलला तो. मूळचीच होती. दोन वेढे कमी."

मग तिने सांगितलं. ते परदेशी सामान यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. सुदर्शनला वाटलं, मूळची स्प्रिंग जरा नरम केली तर पिस्तूल कमी उसळेल. पिस्तूल साफ करायला घरी आणलं होतं. ती ओट्याशी खोबरं किसत होती. तो शेजारी उभा राहिला, पक्कड घेतली आणि स्प्रिंगचे दोन वेढे कापले. ते दोन्ही तुकडे उडून तिच्या खोबऱ्याच्या ताटात पडले. तेव्हा दोघं हसले होते. मग पिस्तूल मधूनच कुरकुरायला लागलं म्हणून तो ती हलकी परदेशी स्प्रिंग शोधत हिंडला, आणि तिच्यासोबत वजनही आलं, मूठही आली. आपलं कापलेलं झाकायला त्याने एवढा सगळा बाजार भरवला होता.

सुभेदार जे परत आणायला सांगत होते, ते मूळचं असं काही उरलंच नव्हतं. सगळा क्लब दोन महिने एका अशा वस्तूकडे परतायच्या मागे होता जी ओट्यावरच संपली होती.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"काय बोलू? क्लबचं पिस्तूल कापलं म्हणून सांगू? सरांनी त्याच दिवशी कपाटात घातलं असतं. याला रेंजवर पाऊल ठेवू दिलं नसतं. मग मी काय घेऊन जाणार होतो पुण्याला? लाटणं?" ती हसली, पण ते हसणं तिच्या तोंडापर्यंतच आलं. "सांगितलं तर पिस्तूल जातंय. नाही सांगितलं तर हे होतंय. मला वाटलं, एक दिवस तर चालायचंय त्याला. एकच दिवस."

गाडीखालून हातोडीचे ठोके ऐकू येत होते.

"आणि त्या बाईंना तरी नाही म्हणायचं होतंस," मी म्हणाले. "इतकं सगळं पोटात ठेवलंस, तेवढं एक कशाला बाहेर काढलंस?"

तिने एकदा गाडीकडे बघितलं.

"दोन महिने सगळे मला एकच विचारायलेत, पिस्तुलाला काय झालं. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि देता येत नव्हतं. ती बाई आली आणि मला विचारली, तू काय केलंस. एवढं एक उत्तर माझं होतं, अक्का. ते पण दुसऱ्याला ठेवून घेऊ दिलं असतं, तर मग काय राहिलं असतं?"

मी हिशेबाची बाई. कुठल्या बाजूला काय मांडायचं हे मला पटकन सुचतं. तिथं मला ते सुचलं नाही. मला पटलं असंही नाही. टेबल, पगार, दार बंद करून बसायची एक जागा, हे सगळं एका बाजूला आणि 'लावला की' हे दोन शब्द दुसऱ्या बाजूला. मी तिच्या जागी असते तर नाही म्हणून मोकळी झाले असते आणि आज निवृत्तीचा निरोप समारंभ करून घेतला असता. हे मी तिला सांगितलं नाही. माझ्या पिशवीत तिचंच पदक होतं, तिला शहाणपण कुठल्या तोंडाने शिकवणार होते?

सुदर्शन हात पुसत आला. कोपरापर्यंत ग्रीस. तो आमच्या समोर बसला आणि पहिल्यांदाच त्याने गोळ्यांचं नाव काढलं नाही. चहावाल्याने तीन कप ठेवले. त्याने आपला कप ओढून घेतला, पण उचलला नाही.

"तिथं एक मुंबईचा माणूस भेटला," तो कपाकडे बघत म्हणाला. "कंपनीकडून सुटे भाग मागवतो तो."

हेमांगीचं बोट पाण्याच्या डागावर थांबलं.

"मूळची स्प्रिंग मिळते म्हणे. जशीच्या तशी." त्याने नखातलं ग्रीस खरवडायला सुरुवात केली. "सांगून आलोय त्याला. क्लबात नेऊन देतो. सरांना सांगतो, मीच..."

हायवेवरून एक ट्रक गेला आणि टेबलावरचे कप किणकिणले. हेमांगीने माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"किती दिवस लागतील यायला?" तिने विचारलं.

"दीड-दोन महिने, म्हणाला."

स्पर्धेच्या आधी आम्हाला तेवढेच दिवस होते. हे मला कळलं आणि त्या दोघांनाही कळलं असणार, कारण सुदर्शनची मान आणखी खाली गेली. हेमांगीने त्याचा कप उचलला, चहा बशीत ओतला, निवावा म्हणून बशी जराशी हलवली आणि त्याच्यापुढे सरकवली.

"येऊ दे सावकाश," ती म्हणाली. "आता कुठं घाई आहे."